चोर सापडला नाही, तर भरून कोण देणार?

वाईच्या प्राज्ञपाठशाळेने सिद्ध केलेल्या धर्मकोशाची सुरुवात व्यवहारकांडापासून होते. कर्ज, ठेव, भागीदारी, शिवेचे तंटे, वारसा, मारहाण, चोरी असा सगळा कोर्टकचेरीचा मामला त्यात आहे. चोरीच्या प्रकरणात मनूने चोरांचे दोन वर्ग केले आहेत. एक लपून चोरणारे: रात्री घर फोडणारे, रानात वाट अडवणारे. दुसरे उघड चोरणारे: समोर बसून, नावगाव सांगून, बोलता बोलता लुबाडणारे. या दुसऱ्या वर्गात लाचखाऊ येतात, जुगारी येतात, भविष्य सांगून पैसे काढणारे येतात, सभ्य वेषात वावरणारे भामटे येतात. त्यातल्या एका प्रकाराचा अर्थ टीकाकार कुल्लूकाने लावला आहे तो असा: भीती दाखवून त्यावर पोट भरणारे. बृहस्पतीची यादी याहून लांब आहे. रोग न कळता औषध देणारा वैद्य, बनावट माल खरा म्हणून खपवणारा कारागीर, खोटा साक्षीदार, मध्यस्थी करताना हात मारणारा, हे सगळे त्यात आहेत.

गेल्या काही वर्षांत आपल्या मोबाइलवर जे फोन, मेसेज आणि ईमेल येतात ते या दुसऱ्या वर्गात चपखल बसतात. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत', 'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल', 'केवायसी अपडेट करा, नाहीतर खाते बंद', 'या ग्रुपवर सांगितलेले शेअर घ्या, महिन्यात दुप्पट'. भिंत फोडून कुणी आत येत नाही. दार आपल्याच हाताने उघडून घेतले जाते.

व्यवहारकांडातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र ही वर्गवारी नाही. शिक्षेच्या शेजारीच तिथे आणखी एक प्रश्न उभा केलेला आहे: चोर सापडलाच नाही, तर गेलेला माल भरून कोण देणार? आपल्या आजच्या कायद्याने हा प्रश्न फार उशिरा विचारला आणि अजूनही त्याचे अर्धेच उत्तर दिले आहे. म्हणून या संस्थेची आणि त्या प्रश्नाची वाटचाल एकत्र सांगावीशी वाटते.

पाठशाळेचे संस्थापक नारायणशास्त्री मराठे मूळचे कुलाबा जिल्ह्यातल्या सुडकोलीचे, जन्म १८७७ चा. वेदान्त शिकायला ते वाईत प्रज्ञानंद सरस्वतींकडे आले आणि इथलेच झाले. आधी घरगुती स्वरूपात चाललेल्या त्यांच्या अध्यापनाला १९१६ मध्ये गुरूंच्या नावावरून प्राज्ञपाठशाळा हे नाव मिळाले. प्रकृतीच्या कारणाने गांधीजींच्या आश्रमातून रजा घेतलेले तरुण विनोबा याच सुमारास त्यांच्याकडे उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकून गेले. १९३१ मध्ये शास्त्रीबोवांनी संन्यास घेतला आणि ते केवलानंद सरस्वती झाले. धर्मशास्त्राची सगळी वचने विषयवार आणि कालक्रमाने एकत्र आणायची ही कल्पना त्यांची. ती तडीस नेली त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी, खानदेशातल्या पिंपळनेरहून किशोरवयात वाईत आलेल्या आणि पुढे तर्कतीर्थ म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेल्या विद्यार्थ्याने.

व्यवहारकांडाचे तीन भाग १९३७ ते १९४१ या काळात बाहेर पडले. त्याचे एखादे पान नीट पाहावे. वर विषय. खाली त्या विषयावर वेदात काय आहे, मग धर्मसूत्रांत काय, मग कौटिल्य, महाभारत, मनू, याज्ञवल्क्य, नारद, बृहस्पती, कात्यायन अशी वचने ओळीने. प्रत्येक वचनाखाली त्यावरच्या टीका, आणि तळाला पाठभेद: हा शब्द अमुक पोथीत असा, तमुक पोथीत तसा. बृहस्पती आणि कात्यायन यांचे मूळ ग्रंथ तर हरवलेलेच आहेत. निबंधकारांनी जागोजागी दिलेल्या उताऱ्यांतून त्यांची वचने वेचून घ्यावी लागली. एवढा पसारा तालुक्याच्या गावी, कृष्णेकाठच्या पाठशाळेत, हाताने नकला करून आणि याद्या लावून उभा राहिला. जुन्या भारतीय कायद्यावर काम करणारे देशोदेशींचे अभ्यासक आजही हे खंड हाताशी ठेवतात.

हे काम करणारी माणसे जुन्याला कवटाळून बसलेली नव्हती, हेही इथे सांगायला हवे. तर्कतीर्थ अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने शास्त्रार्थ करत होते. १९३३ मध्ये गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्य त्यांनी केले. व्यवहारकांडातल्या शिक्षा कुणी आज मागू नयेत. खोटेपणा करणाऱ्या सोनाराचे वस्तऱ्याने तुकडे करावेत असे सांगणारा मनू आपल्या राज्यघटनेच्या पुढे क्षणभरही टिकत नाही. वर्णानुसार कमीजास्त होणारा दंडही नाही. पण ग्रंथातले क्रौर्य टाकून देताना त्यातला नेमका प्रश्नही टाकून देण्याचे कारण नाही.

तो प्रश्न असा सोडवलेला आहे. गौतम म्हणतो, चोरीचा माल राजाने मिळवून परत द्यावा, नाहीतर स्वतःच्या कोशातून भरून द्यावा. मनू आणि याज्ञवल्क्य हेच सांगतात. न देणारा राजा चोराच्या पापाचा धनी होतो. याज्ञवल्क्य त्याहून खोलात जातो. चोरी गावात झाली आणि चोराचा माग गावाबाहेर गेलेला दिसला नाही, तर जबाबदारी गावप्रमुखाची. कुरणात झाली तर कुरणाच्या अधिकाऱ्याची. वाटेवर झाली तर चोर पकडण्यासाठी नेमलेल्या माणसाची. माग ज्या गावात शिरला त्या गावाने भरपाई द्यायची, आणि शिवेबाहेर कोसाभराच्या पलीकडे चोरी झाली असेल तर भोवतालच्या पाच किंवा दहा गावांनी मिळून. इथे कुणाला गुन्हेगार ठरवलेले नाही. ज्याच्या ताब्यात वाट आहे, ज्याला त्या वाटेचा पगार किंवा वतन मिळते, नुकसान त्याच्या माथी, एवढाच हिशोब आहे.

हे केवळ पोथीत राहिले नाही. वाई, सातारा, पुरंदर या मुलखात मराठेशाहीत गावची राखण रामोशी आणि महार जागल्यांकडे असे आणि चोरीचा माग काढणे हे त्यांचे बांधील काम होते. पावलांच्या खुणा धरून माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवायचा. तिथून पुढे तो नेण्याची जबाबदारी त्या गावची. ज्या गावात माग संपला त्या गावाने चोर द्यायचा, नाहीतर भरपाई. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात गावच्या या जबाबदारीची नोंद केली. व्यवस्था निर्दोष नव्हती. भरपाईचा बोजा बहुधा गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसांवर येऊन पडे, आणि त्यांतल्या रामोश्यांवर पुढे इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. तरीही ज्याचे गेले त्याने आता काय करायचे याला तिथे उत्तर होते.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने हा धागा तोडला. फसवणूक हा सरकारविरुद्धचा गुन्हा झाला. कलम ४२० खाली सात वर्षांपर्यंतची कैद आली, आणि तीच तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. भरपाई दंडाच्या रकमेतून देता येते, पण त्यासाठी आरोपी सापडला पाहिजे, खटला चालला पाहिजे, शिक्षा झाली पाहिजे. ठग समोरच्या पेठेतला असेल तोवर हे चालून गेले. तो हजार मैलांवर बसून फोन करू लागला तेव्हा फिर्याद ही पुष्कळदा नोंदीपुरती उरली.

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. २००८ च्या दुरुस्तीने त्यात ओळखचोरीचे कलम ६६सी आणि संगणक वापरून तोतयेगिरीने फसवण्याचे कलम ६६डी घातले. ६६डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, आणि गुन्हा जामीनपात्र. तालुक्याच्या दृष्टीने त्यात एक अडचण आहे. या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. २००८ पूर्वी तर तो उपअधीक्षकाच्या खाली कुणालाच करता येत नव्हता. ज्या ठाण्यात सण, यात्रा, मोर्चे आणि घाटातले अपघात सगळे एकाच निरीक्षकाकडे येतात, तिथे ओटीपीच्या फसवणुकीचा कागद किती दिवस खाली राहील याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. जिल्ह्याजिल्ह्यात स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी उभी राहिल्यापासून हा भार काहीसा हलका झाला आहे.

नको असलेल्या ईमेलचा, म्हणजे स्पॅमचा मुद्दा तर आपल्या कायद्यात येऊन निघूनही गेला. २००३ मध्ये अमेरिकेने कॅन-स्पॅम कायदा केला. व्यापारी ईमेल पाठवायला हरकत नाही, पण विषयाच्या ओळीत खोटे नको, पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता हवा, आणि 'पुन्हा पाठवू नका' म्हटल्यावर थांबले पाहिजे, अशी त्याची रीत. युरोपने त्याच्या आदल्या वर्षीच उलट बाजू धरली होती: आधी संमती, मग ईमेल. भारताने यातले काहीच घेतले नाही. २००८ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम ६६ए च्या तिसऱ्या पोटकलमात मात्र त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याविषयी दिशाभूल करण्यासाठी केलेले ईमेल गुन्हा ठरवले गेले. स्पॅमला लागू पडेल असे आपल्याकडे एवढेच कलम होते. त्याच कलमाच्या बाकीच्या भागात 'त्रासदायक' आणि 'अपमानकारक' लिखाणाचीही भर घातलेली होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर फेसबुकवर चार ओळी लिहिणारी पालघरची तरुणी आणि त्या पसंत करणारी तिची मैत्रीण या दोघींना अटक झाली. ६६ए वर देशभर काहूर उठले आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरवले. निकाल योग्यच होता. बोलण्याच्या स्वातंत्र्यावर टाच आणणारे कलम जायलाच हवे होते. पण ठकवणारा ईमेल आणि न पटणारे मत ही दोन अगदी वेगळी प्रकरणे एकाच वाक्यात कोंबणाऱ्या मसुदाकारांमुळे दोन्ही बरोबर गेली, आणि स्पॅमची जागा रिकामी राहिली ती अजून तशीच आहे.

कायदा नसतानाही न्यायालयाला वाट काढता येते, हे दिल्ली उच्च न्यायालयाने त्याआधीच दाखवले होते. कुणीतरी नॅसकॉम या संस्थेच्या नावाने ईमेल पाठवून लोकांची माहिती उकळत होते. फिशिंग हा शब्द तेव्हा कुठल्याच भारतीय कायद्यात नव्हता. मार्च २००५ मध्ये न्यायालयाने नावाचा गैरवापर आणि फसवणूक या जुन्याच तत्त्वांवर ते कृत्य बेकायदा ठरवले. प्रतिवादींनी सोळा लाख रुपये द्यायचे अशी तडजोडही त्यात झाली.

फोन आणि एसएमएसची गोष्ट ईमेलपेक्षा बरी आहे, कारण तिथे दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय आहे. २००७ मध्ये 'कॉल करू नका' नोंदवही आली, २०१० मध्ये नवे नियम आले, आणि २०१८ च्या नियमांनी घाऊक मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची, आपल्या शीर्षकाची आणि मेसेजच्या साच्याची आधी नोंद करायला लावली. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाला एक इंग्रजी अक्षर जोडलेले दिसते. शेवटी 'पी' असेल तर जाहिरात, 'एस' असेल तर सेवा, 'टी' असेल तर व्यवहार, 'जी' असेल तर सरकारी. आत्ता फोन हातात घेऊन बँकेचा शेवटचा मेसेज पाहावा, ते अक्षर दिसेल. 'खाते बंद होईल' हा मेसेज अशा नोंदलेल्या नावाऐवजी साध्या दहा आकडी नंबरवरून आला, तर तो बँकेचा नाही. बँका आणि विमा कंपन्यांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर राखून ठेवले आहेत. नको असलेल्या कॉल-मेसेजची तक्रार १९०९ वर सात दिवसांच्या आत करता येते. ही व्यवस्था जाहिरातदाराला आवरते. सिमकार्डांची चळत घेऊन बसलेल्या भामट्याला ती आवरत नाही, आणि व्हॉट्सॲपवरून येणारे सगळेच तिच्या हद्दीबाहेर राहते.

आता या वाटचालीतला असा टप्पा, ज्याची माहिती महाराष्ट्रातल्या फार थोड्या लोकांना आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याने शिक्षेच्या शेजारी भरपाईचाही रस्ता ठेवलेला आहे. कलम ४६ प्रमाणे न्यायनिर्णय अधिकारी नेमायचा, त्याला पाच कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांत दिवाणी न्यायालयासारखे अधिकार. २००३ मध्ये केंद्राने प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवालाच हे काम दिले. इथे आरोपी सापडलेला असण्याची गरज नाही. बँकेने किंवा मोबाइल कंपनीने हलगर्जी केली आणि त्यामुळे पैसे गेले, एवढे दाखवायचे. चार महिन्यांत, फार तर सहा महिन्यांत निकाल द्यावा असे नियमच सांगतात. एप्रिल २०१० मध्ये तमिळनाडूच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याने फिशिंगच्या एका प्रकरणात बँकेला भरपाई द्यायला लावली आणि या कलमात काय ताकद आहे हे दिसले.

महाराष्ट्रात राजेश अग्रवाल माहिती तंत्रज्ञान सचिव असताना मंत्रालयातल्या या खुर्चीने असे अनेक दावे ऐकले. २०१३ मधला एक आदेश नमुन्यादाखल घेऊ. पुण्यातल्या एका उद्योगाच्या संचालकांनी बँकेच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलला उत्तर दिले आणि राष्ट्रीयीकृत बँकेतल्या खात्यातून ८०.१० लाख रुपये काढले गेले. बँकेचा बचाव ठरलेला: माहिती ग्राहकानेच दिली. अग्रवाल यांनी ग्राहकाची चूक मान्य केली, म्हणून पूर्ण रक्कम दिली नाही. पण ज्या खात्यांत पैसे गेले ती उघडताना आणि संशयास्पद व्यवहार अडवताना बँकेने नीट लक्ष दिले नव्हते, म्हणून ४५ लाख रुपये बँकेने द्यावेत असा आदेश केला. नकली सिमकार्ड देऊन ओटीपी भलत्याच्या हाती जाऊ दिल्याबद्दल बँकेबरोबर मोबाइल कंपनीलाही भरपाई द्यायला लावणारे आदेश याच कचेरीतून निघाले. माग जिथून गेला तिथला राखणदार कुठे झोपला होता, हे या आदेशांनी तपासले.

मग ही वाट राजमार्ग का झाली नाही? एक कारण अपिलात आहे. या आदेशांवरचे अपील सायबर अपील न्यायाधिकरणाकडे जायचे. त्याचे अध्यक्ष जून २०११ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणाला नेमलेच गेले नाही. २०१७ मध्ये ते न्यायाधिकरण दूरसंचार तंटा न्यायाधिकरणात विलीन होईपर्यंत जवळपास सहा वर्षे अपील ऐकायला तिथे अध्यक्ष नव्हता. ज्या बँकांना पैसे द्यायचे होते त्यांनी अपील लावून ठेवले, आणि ज्यांना मिळायचे होते ते वाट पाहत राहिले. इतक्या चांगल्या कलमाची अशी हेळसांड झाली याचा मला आजही संताप येतो. दुसरे कारण अंतराचे आहे. वाईच्या, पाटणच्या किंवा जतच्या माणसाला मंत्रालयात दावा लावता येतो हे कळवणार कोण?

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने भरपाईचा प्रश्न पहिल्यांदा सामान्य खातेदारापर्यंत आणला. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणी व्यवहार केला, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर मर्यादित. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचे ओझे बँकेवर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे नियम सहकारी बँकांनाही लागू झाले, आणि सातारा-सांगलीसारख्या सहकाराच्या मुलखात त्याचे महत्त्व मोठे आहे. या परिपत्रकाला न्यायालयांनी धार दिली. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या खात्यातून ओटीपीशिवाय नवे लाभार्थी जोडून काढलेले ७६ लाखांहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश बँकेला दिला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसाममधल्या ग्राहकाचे ९४ हजारांवर रुपये परत करण्याचा आदेश कायम ठेवला. त्या ग्राहकाने चोवीस तासांच्या आत तक्रार केलेली होती.

पण याच परिपत्रकात मोठे भगदाड आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला किंवा स्वतःच्या हाताने पैसे पाठवले, तर तक्रार करेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. आजची मोठी फसवणूक नेमकी याच जागी होते. गणवेशातला खोटा अधिकारी व्हिडिओ कॉलवर निवृत्त शिक्षकाला तासन्‌तास बसवून ठेवतो, 'डिजिटल अटक' असा आपल्या कुठल्याही कायद्यात नसलेला प्रकार सांगतो, आणि ठेवी मोडून पैसे पाठवायला लावतो. बँकेच्या वहीत तो व्यवहार ग्राहकाच्या मर्जीचा. भीती दाखवून घेतलेली मर्जी ही मर्जी नव्हे, एवढे कुल्लूकाला कळत होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे दिला. पैसे ज्या उसन्या खात्यांतून फिरतात ती कशी उघडली गेली, त्यात बँकांच्या लोकांचा हात होता का, हेही तपासायला सांगितले. मला हा भाग अटकेइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पैशाचा माग काढण्याचे यंत्र आता देशाकडे आहे. गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राखाली २०२१ पासून आर्थिक फसवणुकीची तक्रार एका साखळीत जाते. आधीचा १५५२६० हा क्रमांक बदलून तो १९३० झाला. समजा, वाईच्या एखाद्या हळद व्यापाऱ्याचे दोन लाख गेले. १९३० वर फोन केल्यावर व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम विचारतात आणि पावती क्रमांक देतात. तक्रार त्याच्या बँकेला दिसते, ती सांगते पैसे अमुक बँकेच्या अमुक खात्यात गेले. तिथे शिल्लक असेल तर रक्कम रोखून ठेवतात. नसेल तर ती बँक पुढच्या बँकेचे नाव देते. पहिला थर, दुसरा थर, तिसरा थर. शेवटी कुठेतरी एटीएममधून रोख निघालेली असते किंवा पैशाचे आभासी चलन झालेले असते. पहिल्या तासादोन तासांत फोन झाला तर रक्कम अडते, दुसऱ्या दिवशी बहुधा नाही. अडलेली रक्कमही आपोआप परत येत नाही. त्यासाठी बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. बहुतेकांना ही पायरी माहीत नसते आणि रोखलेले पैसे महिनोन्‌महिने दुसऱ्याच कुठल्या बँकेत पडून राहतात.

साखळी आहे, पण तिच्यात 'तुझ्या शिवेत माग संपला, आता तू भर' असे म्हणणारे कुणी नाही. ब्रिटनने ते म्हटले. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवून पाठवायला लावलेले पैसेही बँकांनी ८५ हजार पौंडांपर्यंत परत करायचे असतात, आणि तो भार पैसे पाठवणारी बँक आणि पैसे घेणारी बँक यांनी निम्मा निम्मा उचलायचा असतो. उसने खाते उघडून देणाऱ्या बँकेच्या खिशाला प्रथमच चाट बसली. सिंगापूरने त्याच वर्षी डिसेंबरपासून फिशिंगसाठी उतरंड लावली: बँकेने आपली कर्तव्ये पाळली नसतील तर बँक भरेल, तिने पाळली आणि मोबाइल कंपनीने पाळली नसतील तर ती भरेल, दोघांनीही पाळली असतील तरच ग्राहक. याज्ञवल्क्याने गाव, कुरण आणि वाट अशी जी वाटणी केली तिच्या फार जवळ जाणारी ही मांडणी आहे. तिकडच्या मसुदाकारांनी व्यवहारकांड वाचले असण्याची शक्यता नाही. एकच अडचण नीट पाहिली तर सारखे उत्तर सुचते.

आपल्याकडे उलट, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने समाजमाध्यमांना आणि मंचांना संरक्षण दिले आहे. तिसऱ्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी त्यांच्यावर नाही, मुख्य अट अशी की सरकारचा किंवा न्यायालयाचा आदेश आल्यावर तो काढावा. मत मांडणाऱ्यांच्या रक्षणासाठी हे हवेच. परंतु शेअर दुप्पट करून देणारी खोटी जाहिरात ही मत नव्हे. ती दाखवण्याचे पैसे मंचाने घेतलेले असतात. वाटेची पट्टी वसूल करणाऱ्याने वाटेवरच्या लुटीबद्दल हात झटकावेत, हे आपल्या कुठल्याही परंपरेत बसत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जाहिरातीच्या मेसेजसाठी आधी संमती घेण्याचा आणि फसवून सिम मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंडाचा मार्ग खुला केला. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीशिवाय आपली माहिती वापरण्यावर बंधन आणले. दोन्ही स्वागतार्ह आहेत, आणि दोन्हींत वसूल झालेला दंड सरकारकडे जातो, गंडा घातलेल्या माणसाकडे नाही.

ग्राहकाला सगळेच परत मिळाले तर तो बेफिकीर होईल, हा बँकांचा युक्तिवाद पोकळ नाही. २०१३ च्या त्या पुण्याच्या आदेशात त्याचे उत्तरही आहे: ८०.१० लाखांपैकी ४५ लाख. चुकीचा वाटा ग्राहकाने सोसला, राखणीतल्या ढिलाईचा वाटा राखणदाराने. असा हिशोब करायला सक्षम अधिकारी आणि पुरेसा वेळ लागतो. कायद्यात तो अधिकारी आहे.

म्हणून मागणी साधी आहे. न्यायनिर्णय अधिकाऱ्याची सुनावणी मुंबईपुरती न ठेवता पुणे महसूल विभागात ठरलेल्या दिवशी घ्यावी, म्हणजे सातारा-सांगलीच्या माणसाला ती एका दिवसात करून घरी परतता येईल. १९३० ची पावती देतानाच कलम ४६ चा दावा आणि कलम ५०३ चा अर्ज यांचे मराठी नमुने हातात द्यावेत. तोपर्यंत ज्याचे पैसे गेले आहेत त्याने पोलीस ठाण्यातली फिर्याद, बँकेला तीन दिवसांत दिलेले पत्र आणि त्यावरची पोच, खात्याचा उतारा आणि आलेले मेसेज न पुसता जपून ठेवावेत आणि दावा लावावा. त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असे नाही. अर्जदार स्वतः उभा राहून बोलू शकतो.